न विचारता काढलेली मिशी

कमळाक्का. ज्यांचं ऋण माझ्यावर सगळ्यांत जास्त आहे, त्यांचं नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. आळेफाट्याला दत्तमंदिराच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि स्टँडसमोर बांगड्यांचं लहानसं दुकान. त्यांचं फारसं शिक्षण झालेलं नव्हतं आणि प्रवचन तर त्यांना कधी जमलंच नाही. कोणी अध्यात्मावर बोलायला लागलं की त्या उठून भांडी घासायला जायच्या. पण देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळेच कळलं, आणि तेही त्या तिथे हजर नसताना.

मी अवसरी बुद्रुकचा. आई-वडील दुसऱ्याच्या वावरात कामाला जात. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. ओतूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले होते. पदवी हातात पडली की पुढचं आपोआप होतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. तसं काही झालं नाही. अर्ज करून थकलो आणि शेवटी आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्यावर बसलो. आक्कांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. त्या काळात माझा देवावरचा विश्वास जवळजवळ संपला होता. सकाळी मंदिरावरून जाताना हात जोडायचो, पण ती नुसती सवय होती. आत काहीच हलत नसे.

दर गुरुवारी सकाळची आरती झाली की आक्का आणि मंदिरातली चार-सहा माणसं मोठ्या पातेल्यात भात-आमटी घेऊन फाट्यावर फिरत. आळेफाटा म्हणजे नाशिकचा, नगरचा, कल्याणचा आणि पुण्याचा रस्ता जिथे मिळतो ती जागा. दिवसभर ट्रक, एसट्या आणि गॅरेजांची ठोकाठोक. जिथे इतके रस्ते येतात तिथे कुठेच जायचं नसलेली माणसंही येतात. कोणी डोक्याने बिघडलेला, कोणाला घरच्यांनी टाकलेलं, कोणी दारूने रस्त्यावर आलेला. आक्का त्यांना जेवू घालायच्या, आंघोळ घालायच्या, जखमा धुवायच्या. त्यांचा एक नियम होता. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. समोरचा बोलत नसला तरी विचारायचं. मी एकदा म्हणालो, “आक्का, त्याला कळत तरी आहे का?” त्या म्हणाल्या, “त्याला न्हाई कळलं तर आपल्याला कळतंय ना? इचार.”

मी त्यांच्याबरोबर जायला लागलो तो भक्तीने नव्हे. गुरुवारी दुकान बंद असे आणि खोलीत बसून करायचं काय, हा प्रश्न असे. खरं सांगायचं तर कितीतरी दिवस मला त्या कामाचा अर्थच लागत नव्हता. आज ज्याला जेवू घातलं तो पुढच्या गुरुवारी तिथेच, तसाच, उपाशी बसलेला. मग आपण नेमकं काय केलं? आक्कांना मी हे विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “आपण जेवाय घातलं. अजून काय करायचं व्हतं?”

नगर रस्त्याला एक बंद पडलेला वजनकाटा होता. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस येऊन राहिला होता. चाळिशीचा असावा. केसांच्या जटा झालेल्या, दाढी छातीपर्यंत, अंगावर एक फाटका कोट. तो बोलत नसे. शिव्या नाहीत, रडणं नाही, मागणं नाही. ताट ठेवलं तर जेवायचा, उचललं की बघायचाही नाही. येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर मात्र निरखून बघायचा. सगळे त्याला नुसतं ‘बाबा’ म्हणत. आक्का दर वेळी त्याच्यासमोर उकिडव्या बसून “बाबा, नाव काय तुझं?” असं विचारायच्या, उत्तराची वाट पाहायच्या आणि मग “बरं, र्‍हाऊ दे” म्हणून उठायच्या. महिनोन्‌महिने हेच.

त्याच वर्षी आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. लेक नाशिकला होती, तिकडेच करायचं होतं. जाताना त्यांनी पातेलं माझ्या स्वाधीन केलं. आणि त्यांची एसटी सुटली त्याच आठवड्यात पोपटशेठ माझ्या दुकानात आले. वजनकाट्याशेजारचं मोठं गॅरेज त्यांचं. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी होता. ती शेडची जागा त्यांनी वाढीव कामासाठी घेतली होती.

“राव, तुमची भक्ती तुमच्या देवळात ठेवा,” ते म्हणाले. “त्या येड्याला बघून गिऱ्हाईक बिचकतंय. शुक्रवारी आपली गाडी मालाला सोलापूरकडं चाललीय. तिच्यात बसवून देतो त्याला. लांब कुठंतरी उतरंल बिचारा.”

“उतरंल म्हणजे? कुठं?”

“आता ते मी काय सांगू? तो इथं तरी कुठनं आला, कुणाला ठाऊक हाय?”

ते सहज बोलून गेले. डोक्याने बिघडलेल्या माणसाला मालाच्या गाडीत घालून अनोळखी मुलखात सोडायचं, हे आमच्या रस्त्याला नवीन नव्हतं. हाही असाच कुठून तरी सोडला गेला असेल. पुन्हा एकदा सोडला तर ह्याचं घर ह्याला या जन्मात सापडणार नाही. मी जवळच्या एका आश्रमात विचारून आलो. तिथल्या माणसाने सांगितलं की नाव-गाव माहीत नसलेला, अंगावर जखमा असलेला माणूस आम्ही घेत नाही, आधी जरा माणसात आणा. ओळखीच्या दोघा-तिघांकडेही गेलो. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, जागा कोणी दिली नाही.

गुरुवारी पहाटे मंदिरात गेलो. पुजारीबुवा यायचे होते. मूर्तीसमोर बसलो आणि किती वर्षांनी कोण जाणे, खरोखर बोललो. मोठं काही नाही. “मला काही सुचत नाही. मी शिकलो त्यातलं काहीच इथे उपयोगी पडत नाही. आता तूच बघ.” एवढंच. अंगावर काटा आला नाही की कुठून फूल पडलं नाही. उठलो आणि पाणी तापवायला गेलो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्यातल्या जखमांना मलम लावायचं तर सगळे केस काढावे लागतील. दर गुरुवारी येणारे आमचे न्हावी त्या दिवशी सोयरिकीसाठी गावाला गेले होते. म्हणून वस्तरा मी हातात घेतला. स्टँडच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी त्याला आणून बसवलं. आक्कांच्या नियमाप्रमाणे विचारलं, “बाबा, डोक्यात जखमा आहेत, केस काढू का?” त्याने मान थोडी खाली केली. दाढीचंही विचारलं. दाढी उतरवताना ओठावर खरूज दिसली, तेव्हा हातासरशी मिशीही काढून टाकली. तेवढं विचारायचं राहिलं. मग कढत पाण्याने आंघोळ घातली, मलम लावलं. एका कापडवाल्याने दिलेला कोरा पांढरा सदरा-पायजमा होता, तो घातला आणि ऊन लागू नये म्हणून डोक्यावरून पांढरा पंचा टाकला. माणूस इतका स्वच्छ दिसायला लागला की आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आता आश्रमवाले नाही म्हणणार नाहीत, असं मी मनात म्हणतही होतो.

आम्ही काय करून ठेवलं होतं ते आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे बाप गेला की मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो. एरवी मिशीला कोणी हात लावत नाही. मी कॉलेजात असताना फॅशन म्हणून मिशी काढली, तेव्हा “मी मेल्यावर काढ की” असं म्हणून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी ते डोक्यातच आलं नाही. मुंडण केलेला, बिनमिशीचा, कोऱ्या पांढऱ्या कपड्यांतला, डोक्यावरून पंचा घेऊन खाली मान घालून बसलेला माणूस. फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एकच अर्थ दिसत होता.

संगमनेरकडून आलेली एसटी चहासाठी थांबली. तिच्यातून एक बाई उतरली. पन्नाशीची, नऊवारी लुगडं, काखेत बोचकं. नळावर पाणी प्यायला आली आणि ह्याच्याकडे बघून थबकली. मग बोचकं खाली ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ओळख ना देख, तरी सुतकातल्या माणसाला न विचारता पुढे जायचं नाही ही तिची रीत. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, “कोन गेलं रं बाबा? आई का बा?”

तो जमिनीकडेच बघत राहिला.

“बा गेला व्हय? रड बाबा, रड. मोकळा व्हय. आईबापाबिगर काय र्‍हातं मानसाला?” असं म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला आणि गळा काढला.

त्याचा हात वर आला. चेहऱ्यावरून फिरत ओठावर थांबला. बोटांनी ओठ चाचपला, पुन्हा चाचपला. आणि तो ओरडला. स्टँडवरची सगळी माणसं वळली इतक्या मोठ्याने.

“माझा बाप जित्ता हाय!”

बाईचं रडणं तोंडातच थांबलं. तो उठून उभा राहिला आणि समोर मीच होतो म्हणून माझी कॉलर धरली. “कुनी काढली? माझी मिशी कुनी काढली? बाप जित्ता हाय माझा! मेलेला न्हाई!” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज असा होता की इतके महिने साठवून ठेवलेला सगळा एकदम बाहेर पडत असावा. मी कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. मला कॉलर धरल्याचा इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

बाई आमच्यावर उलटली. “आरं मुडद्यांनो! जित्त्या बापाच्या लेकाची मिशी उतरवली? शिकलेली दिसता की रं सगळी!” मग त्याच्याकडे वळून, खेड्यातली कोणतीही बाई कोणत्याही पोराला विचारते तसं, तिने विचारलं, “कुनाचा रं तू? गाव कुठलं?”

आक्कांनी महिनोन्‌महिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने रागाच्या भरात देऊन टाकलं. “म्हादू. धोंडूबाबाचा म्हादू.” आणि गावाचं नाव सांगितलं.

चहावाला किटली हातात घेऊन तिथेच उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, “ते गाव? ते तर डिंभ्याच्या धरणात गेलं राव.”

म्हादूने माझी कॉलर सोडली. खाली बसला. “पानी हाय तिथं,” तो म्हणाला. “ट्रकवरनं घरी आलो तर नुसतं पानी. म्या लई हिंडलो. बाप न्हाई घावला.” म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. ट्रकवर क्लीनर म्हणून लांब गेलेला हा माणूस परत आला तेव्हा ह्याचं घर, वाट, शिवार सगळं पाण्याखाली होतं. येणाऱ्या ट्रकचे नंबर तो का बघत होता ते मला तेव्हा कळलं. तो आपला जुना ट्रक शोधत होता; घराकडे नेणारी दुसरी कोणतीच खूण त्याच्याकडे उरली नव्हती.

तेवढ्यात कंडक्टरने घंटी वाजवली. “मावशे, चल, गाडी सुटली!”

“जाऊ दे तुझी गाडी,” बाई म्हणाली. तिने म्हादूचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि निरखून बघितलं. “धोंडूबाबा म्हंजे तो उंच म्हातारा? एका कानानं कमी ऐकतो त्यो? आरं, धरणातल्या लोकांना सरकारनं आमच्या गावाच्या अल्याड वस्ती दिलीय. घोडेगावच्या बाजाराला दर वेळी स्टँडवर बसून असतो त्यो. ट्रकवाल्यांना इचारतो, माझा म्हादू दिसला का म्हनून. लोकं हसत्यात त्याला.”

गर्दीच्या मागे पोपटशेठ उभे होते, गॅरेजमधून आवाज ऐकून आलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्यावरच खेकसले, “बघताय काय नुसतं? जीप काढतो. बसवा त्याला. आन् मावशीला पुढं बसवा, रस्ता तिलाच ठावं हाय.”

या प्रसंगाचा मी पुढे खूप विचार केला. न्हावी गावाला गेले नसते तर मिशीला हात लागला नसता. ओठावर खरूज नसती, कपडा पांढरा नसता, एसटी चहाला थांबली नसती, तर काय झालं असतं? हे सगळं कोणी जुळवून आणलं, असं मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही आणि वाद घालण्याची इच्छाही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या आठवड्यात मी शहाणपणाने जे जे केलं, आश्रमात जाणं, चार लोकांना भेटणं, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती माझी चूक. “तूच बघ” असं म्हणताना माझी बुद्धी त्याने वापरावी असं मला वाटत होतं. त्याने माझा वेंधळेपणा वापरला. त्या दिवसापासून देवापुढे बसताना मी त्याला मार्ग सुचवत नाही. जे माझ्याकडे आहे, चांगलं आणि वेडंवाकडं, ते समोर ठेवतो आणि कामाला लागतो. मनावरचं केवढं तरी ओझं त्याने उतरलं आहे.

त्याच दिवशी दुपारी त्या नव्या वस्तीत एका ओट्यावर बसून मी आक्कांना पत्र लिहिलं. त्यांनी ते पुष्कळ वर्षं जपून ठेवलं होतं. त्यांच्या लेकीने नंतर ते मला परत दिलं. जसं आहे तसं इथे उतरवतो.

“तीर्थरूप कमळाक्कांस, साष्टांग नमस्कार.

डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत हे पत्र ताईंकडून वाचून घ्या. स्वतः वाचायचा हट्ट करू नका.

आक्का, वजनकाट्यावरचा बाबा बोलला. त्याचं नाव म्हादू. मी त्याची मिशी न विचारता काढली म्हणून बोलला. तुम्ही रागवाल, पण पुढचं ऐकून मग रागवा. त्याचा बाप जिवंत आहे आणि आत्ता माझ्यापासून दहा पावलांवर आहे.

आम्ही पोपटशेठच्या जीपने आलो. होय, तेच पोपटशेठ. बरोबर एक अनोळखी मावशी होत्या, त्यांनी घर दाखवलं. म्हातारबाबा दारात दोरी वळत बसले होते. म्हादू जीपमधून उतरला आणि पुढे जाईना. मला म्हणाला, ‘अशा तोंडानं कसा जाऊ? बाप काय म्हनंल?’ मावशींनी त्याला पाठीत धपाटा घालून पुढे ढकललं. म्हातारबाबांनी वर बघितलं. बराच वेळ नुसतं बघितलं. मग दोरी टाकून उठले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला शब्द काय बोलले असतील सांगा. म्हणाले, ‘आरं गाढवा, मी मरायच्या आधीच मिशी काढलीस व्हय?’ आणि त्याला पोटाशी धरलं. दोघेही उभ्याचे खाली बसले. आम्ही सगळे तोंड फिरवून उभे होतो. पोपटशेठ जीपचं बॉनेट उघडून आत बघत होते, त्यात बिघाड काहीच नव्हता.

भावकीने बाबांना कितीदा सांगितलं होतं म्हणे, की आता पोराचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून टाक, तुलाही सुटका होईल. त्यांनी केलं नाही. मला म्हणाले, ‘गाव हाललं तर पोरगं इचारत इचारतच येनार की. उशीर व्हनारच.’ आक्का, एवढी श्रद्धा मी कोणत्याही देवळात पाहिली नाही.

मावशींना थांबा म्हटलं तर म्हशीची धार काढायची राहिली म्हणून निघूनही गेल्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, ‘नाव कशाला? काय लगीन जमवायचंय?’ त्या वळणाआड जाईपर्यंत मी हात जोडून उभा होतो.

मी आता मागचं सगळं विसरलो आहे. नोकरी, अर्ज, ते सगळं. तुम्ही मला तुमच्या पातेल्याजवळ उभं केलंत म्हणून आज हे माझ्या डोळ्यांना दिसलं. तुमच्या वाट्याचंही मीच बघून घेतोय. पाया पडतो.

आता बाबा पोराचा हात धरून वस्तीतल्या प्रत्येक दारात चालले आहेत. दारात उभं राहून ओरडतात, ‘आला रं, माझा म्हादू आला!’ मग म्हादूला स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला लावतात. सुरुवातीला तो लाजत होता, आता बापाच्या आधीच ओरडतो. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागतोय. पोपटशेठनी नको म्हणणं सोडून दिलं आहे. बायका म्हादूच्या तोंडात साखर घालतायत. जी माणसं बाबांना हसत होती तीच आता त्यांच्या मागून चालली आहेत आणि वाजवायला काही नाही म्हणून कोणी ताटल्या घेतल्या आहेत.

पुढच्या दारातून माझ्या नावाने हाका येतायत. पत्र इथेच पुरं करतो, आक्का. मला गेलंच पाहिजे.”